कोठावदे नानांची धरणगाववाली

कोठावदे नाना माणसांचे तीनच प्रकार मानत. ठासणीचे, काडतुशी आणि ठासणीवरून काडतुशी केलेले. आमच्या कचेरीत नवा साहेब बदलून आला की पहिल्या आठवड्याच्या आत नाना त्याचा निकाल लावून मोकळे होत. एका साहेबांबद्दल ते म्हणाले होते, "हा शुद्ध ठासणीचा. सकाळी दारू भरा, दुपारी ठासा, संध्याकाळी कुठे एक बार निघेल, तोही आपल्याच माणसावर." त्यांच्या जागी आलेले साहेब दिवसाला चाळीस हुकूम काढत. ते काडतुशी ठरले. मला मात्र नानांनी शेवटपर्यंत कुठल्याच प्रकारात बसवलं नाही. "तू अजून घडायचा आहेस, भाऊ," एवढंच म्हणत, आणि मी तेव्हा दोन मुलांचा बाप होतो.

ही हकिकत जळगावची. साठ सालानंतरची दहा-बारा वर्षं मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात कारकुनी करत होतो आणि नाना त्याच खात्यात देवीची लस टोचत फिरत. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. आपण डॉक्टर नाही, कोणी तसं म्हटलेलं आपल्याला आवडत नाही, असं नाना आवर्जून सांगत. पण रस्त्यात कोणी 'ओ नाना' म्हणून हाक मारली तर त्यांची सायकल पुढे जाई, आणि 'ओ डॉक्टर' म्हटलं तर जागच्या जागी थांबे.

नानांना नाद होता तो जुन्या लष्करी रिव्हॉल्वरांचा, आणि त्यातही एकाच जातीच्या. ती जात त्यांनी मला इतक्यांदा समजावली की आज झोपेतून उठवलंत तरी सांगेन. शंभरेक वर्षांपूर्वीचं रिव्हॉल्वर ठासणीचं असे. त्याच्या चाकात पाच घरं. प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, मग बार. पुढे पितळी काडतुसं निघाली आणि एका दिवसात पलटणींची हजारो रिव्हॉल्वरं जुनी झाली. टाकून द्यायची तर सरकारच्या जिवावर येतं. मग कारखान्यात बसून त्यांची चाकं बदलली, मागून काडतूस सरकवायला बाजूला एक छोटं झाकण लावलं, घोड्याला काडतुसावर आपटणारी टोचणी बसवली, आणि तीच हत्यारं पुन्हा पलटणीत धाडली. सांगाडा जुना, पोट नवं. नाना फक्त अशी हत्यारं गोळा करत. जन्मापासून काडतुशी असलेलं कोणी फुकट दिलं तरी घेत नसत.

"त्यात एवढं काय आहे, नाना?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "कंदिलात विजेचा दिवा बसवावा तसला प्रकार दिसतो."

नाना माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "ते भट्टीत जायचं होतं, भाऊ. कोणीतरी म्हटलं, थांबा, याच्यात अजून जीव आहे. एवढंच आहे त्यात." आणि टाचा वाजवत निघून गेले.

गोळा करण्याची त्यांची पद्धत सरकारी खर्चाची होती. लस टोचायला ते घरोघर जात, तेव्हा कोणत्याही घरात शिरायला त्यांना मज्जाव नसे. पोराचं नाव, वय, बापाचं नाव लिहून झालं की ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे वळून विचारत, "घरात जुनं इंग्रजांच्या वेळचं लोखंड आहे का?" लोकांना वाटे, हाही सरकारी तक्त्यातलाच प्रश्न. त्यामुळे ते प्रामाणिकपणे घरातलं सगळं लोखंड आणून पुढ्यात टाकत. मोडके विळे, अडकित्ते, बैलाच्या नाला, एका ठिकाणी तर शिवणयंत्राचं अख्खं पायडल. नाना सगळं नीट बघत आणि वहीत 'निरंक' लिहीत. पंधरा वर्षांत त्यांना तीन रिव्हॉल्वरं मिळाली. एकाला घोडा नव्हता, दुसऱ्याला चाक नव्हतं. धड असं एकच, आणि ते धरणगावचं.

त्या दिवशी योगायोगाने मी त्यांच्याबरोबर होतो. धरणगावात इंग्रजांच्या काळी भिल्लांची पलटण होती, त्यामुळे त्या गावावर नानांचा फार डोळा. एका घरी आजीबाई चुलीपाशी आलं-लसूण ठेचत बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात रिव्हॉल्वर होतं. नळी हातात धरून मुठीकडच्या बाजूने ठेचणं चाललेलं. नानांच्या हातातली लस टोचायची फिरकी तशीच राहिली.

"आजी, हे काय आहे?"

"हाऊ ठोक्या शे, भाऊ," आजी म्हणाल्या. "मन्ही सासूना वखतपाईन शे. आलं ठेचाले बरा पडस."

नाना तसेच सायकलवर बसून बाजारात गेले आणि भारीतला भारी पितळी खलबत्ता घेऊन आले. आजींनी अदलाबदल केली, पण खलबत्ता वाजवून पाहिल्यावर म्हणाल्या, "हाई जड शे. तो ठोक्या हलका व्हता." जळगाव आल्यावर नाना सायकलवरून उतरून म्हणाले, "लसणाचा वास जायला सहा महिने लागतील." आनंदाने माणसाचा आवाज बसतो हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

नानांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. धरणगावहून जी आली ती धरणगाववाली, या आपल्याकडच्या रिवाजाने अक्कांनी त्या रिव्हॉल्वरचं नाव धरणगाववाली ठेवलं. "जेवायला बसायचं का, की अजून धरणगाववालीचं आटपायचंय?" असं त्या स्वयंपाकघरातून विचारत. दर रविवारी सकाळी नाना बनियनवर बसून तिला शिवणयंत्राचं तेल घालत. पुसायला अक्कांच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा लागे. चांगल्या लुगड्याचे तुकडे का होतात, हे अक्कांना बरीच वर्षं कळलं नव्हतं.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला धरणगाववालीचं दर्शन घ्यावं लागे, चहा त्यानंतर. नाना पाहुण्याला डोळे मिटायला सांगत, ती कानाशी नेत आणि घोडा ओढून चाक फिरवत. पाच घरांचे पाच आवाज. "ऐकलंत? पाचही सारखे. शंभर वर्षं झाली." पाहुण्याचे डोळे मिटलेलेच असत, कारण कानाशी रिव्हॉल्वर असताना ते उघडायचा धीर फार थोड्यांना होतो.

त्यांच्या मुलीला बघायला चाळीसगावची मंडळी आली, तेव्हा मीही बैठकीत होतो. मुलाचे वडील हुंड्याच्या बाबतीत चांगलेच तयारीचे दिसत होते, सदऱ्याच्या खिशातून यादीचं टोक बाहेर डोकावत होतं. पोह्यांच्या बशा आल्या. त्यांच्यामागोमाग नानांनी पांढऱ्या फडक्यावर तिन्ही रिव्हॉल्वरं मांडून आणली आणि धरणगाववाली उचलून मुलाच्या वडिलांच्या कानाशी नेली.

"आता तुम्ही मोकळेपणाने बोला," नाना म्हणाले. म्हणायचं होतं ते आवाजाबद्दल.

"आमची काहीच अपेक्षा नाही," मुलाचे वडील डोळे मिटून म्हणाले. "मुलगी पसंत आहे."

तिथल्या तिथे साखरपुडा ठरला. नाना पुढे कित्येक वर्षं सांगत, "व्याही फार सज्जन. आणि इतिहासाची आवड म्हणाल तर, घाम फुटला हो त्यांना ऐकताना."

याच इतिहासाच्या आवडीने त्यांनी एकदा विलायतेतल्या एका मोठ्या संग्रहालयाला इंग्रजीत पत्र लिहिलं. खालचा मसुदा माझा, वरचा अभिमान त्यांचा. तीन महिन्यांनी छापील कार्ड आलं की आपलं पत्र मिळालं असून ते विचाराधीन आहे. नानांनी कार्डाला चौकट करून घेतली. त्यानंतर अकरा वर्षं विलायत आपला विचार करते आहे या समाधानात ते होते.

हे सगळं घरात होतं तोवर ठीक होतं. पण सत्तर साल उलटल्यावर निवडणुका लागल्या आणि पोलिसांनी जीपवरून पुकारा केला की शस्त्र बाळगणाऱ्या सर्वांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत. दर निवडणुकीची ही रीत. जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. नानांच्या समोर पुखराजशेठ राहत, डाळीचे व्यापारी. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती आणि ती दिवाळीत एकदा आकाशाकडे वाजत असे. शेठ पांढरं धोतर नेसून निघाले. मागे नोकराच्या खांद्यावर बंदूक. गल्लीतले लोक ओट्यावर येऊन त्यांना रामराम करत होते. "शस्त्र जमा करायला निघाले शेठ," असं एकमेकांना सांगत होते. नाना दारात उभे राहून हे बघत होते आणि मी नानांच्या शेजारी उभा राहून नानांना बघत होतो. मला तेव्हाच धास्ती वाटली.

"आपल्याकडेही शस्त्र आहे," नाना म्हणाले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उस्मानभाईंचं दुकान होतं. स्टोव्ह, कुलपं आणि नाना यांची दुरुस्ती ते करत. धरणगाववालीचा एक झिजलेला स्क्रू त्यांनीच बनवला होता. शिवाय नानांच्या हट्टाखातर लेथवर एक पितळी काडतूसही कातून दिलं होतं. पोकळ नळी, वर शिशाची गोळी, आत दारू तेवढी नाही. घरात काडतूस कसं चपखल बसतं ते पाहुण्यांना दाखवण्यापुरतं. मी नानांना ओढत उस्मानभाईंकडे नेलं. त्यांनी हातातला पंप खाली ठेवला.

"नाना, शेठ जमा करतात, कारण शेठकडे लायसन आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"पुराणवस्तूला लायसन लागत नाही."

"मग पुराणवस्तू जमा पण नाही करायला लागत! पोलिसला माहीत पण नाही तुमच्याकडे काय आहे. घरी बसा, चहा प्या."

हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून नानांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. घरी परतून त्यांनी लगेच दाढी केली, लग्नातला कोट चढवला, धरणगाववालीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि चक्क टांगा केला. ठाणं चालत दहा मिनिटांवर होतं. टांगा गल्लीतून हळू न्यायला त्यांनी टांगेवाल्याला बजावलं. मी शेजारी बसलो, कारण अक्कांनी मला शपथ घातली होती.

ठाण्यात रांग होती. पाटील मंडळी, बागायतदार, शेठ, सगळे आपापल्या बंदुका घेऊन. त्या रांगेत उभं राहताना नानांची मान जी ताठ झाली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. नंबर आला. हवालदाराने मान वर न करता विचारलं, "लायसन नंबर?"

"याला लायसन लागत नाही. ही पुराणवस्तू आहे."

हवालदार सकाळपासून लिहून कंटाळला होता. त्याने एकदा नजर टाकली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "एक गावठी पिस्तूल. मोडकं. गंजकं. बरं, व्हा पुढे."

आता नानांनी पुढे व्हायचं होतं. एवढंच करायचं होतं. पुखराजशेठ हिशेबी माणूस, रांगेतून त्यांनीही हाताने 'चला चला' केलं. मी कोटाची बाही धरून ओढली.

"गावठी?" नाना म्हणाले.

"काय?"

"गावठी कशावरून? आणि गंज कुठे आहे? दाखवा मला गंज." त्यांनी फडकं सोडलं. "हे लष्करी हत्यार आहे. हा बाणाचा शिक्का बघा. सरकारी शिक्का आहे."

हवालदाराने आता मान वर केली. "म्हणजे सरकारी माल शे?"

"अर्थात!"

"आणि चालू शे?"

"न चालायला काय झालं?" नानांनी घोडा ओढून पाचही घरं फिरवून दाखवली. "तुमच्या भिंतीवरच्या त्या रायफलींपेक्षा चांगलं चालेल."

हवालदाराने 'गावठी', 'मोडकं' आणि 'गंजकं' हे तिन्ही शब्द खोडले. नानांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग हवालदाराने ती वही मिटली, खालच्या खणातून दुसरी, लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि शिपायाला सांगितलं, "पंच बोलव."

फौजदार तरुण होते आणि स्वभावाने बरे होते. त्यांनी आम्हाला आत बसवलं, चहा मागवला आणि कपाळाला हात लावला. "अहो नाना, मोडकं लिहिलं होतं ना त्याने! निकालानंतर तसंच परत दिलं असतं. आता पंचनामा झाला. बिनपरवाना, चालू हत्यार, आणि तुम्ही सरकारी नोकर. केस उभी राहिली तर पहिल्याच दिवशी निलंबन."

नानांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

वाट फौजदारांनीच काढली. जुन्या बनावटीचं हत्यार असेल आणि दुरुस्त करूनही ते चालण्यासारखं नसेल, तर कायदा त्याला हत्यार मानत नाही. धुळ्याला पोलिसांची शस्त्रं दुरुस्त करणारे आर्मोरर होते, बागूल जमादार. त्यांनी तपासून 'निकामी' असा दाखला दिला की प्रकरण मिटलं, रिव्हॉल्वर नानांच्या घरी. "तिथे फक्त काही बोलू नका," फौजदार म्हणाले. हे त्यांनी नानांना सांगितलं, पण बघत माझ्याकडे होते.

आठ दिवस मी नानांची तालीम घेतली. कचेरीसमोरच्या हॉटेलात मी बागूल जमादार होई.

"नाना, हे चालतं का?"

"ना... चालतं."

"नाही म्हणा, नाना."

"बेताचं चालतं."

"अहो, नोकरी जाईल!"

"मग मी काय करू? आज दहा वर्षं जगाला सांगतोय चालतं म्हणून. आता एका दाखल्यासाठी तिला निकामी म्हणू?" त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला हसूही येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

अक्का मात्र वैतागल्या. "चारचौघांत माझ्या हातच्या भरिताला खुशाल नावं ठेवता, तेव्हा जीभ अडत नाही ती!" शेवटी असं ठरलं की धुळ्याला नानांनी तोंडच उघडायचं नाही, काय बोलायचं ते मी बोलेन. उस्मानभाईंनी नानांना कुराणाची नाही, गीतेची नाही, धरणगाववालीचीच शपथ घातली. ती ते मोडणार नाहीत असा आमचा हिशेब होता.

एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने आम्ही धुळ्याला गेलो. नाना, मी, आणि लाखेने मोहोरबंद केलेलं पुडकं मांडीवर घेतलेला तोच हवालदार. नानांनी खिडकीकडची जागा पुडक्याला द्यायला लावली.

बागूल जमादार साठीकडे झुकलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, बोटं तेलाने काळी झालेली. त्यांनी फौजदारांचं पत्र वाचलं. त्यात तीन ओळी होत्या. हत्यार निकामी असल्यास तसा दाखला द्यावा. चालू असल्यास आणि मालक तयार असल्यास ते निकामी करून दाखला द्यावा. मालक तयार नसल्यास हत्यार सरकारजमा करून पुढील कारवाईसाठी कळवावं. पत्र बाजूला ठेवून त्यांनी पुडकं सोडलं आणि धरणगाववालीला उजेडात धरलं.

"अरे वा," ते म्हणाले. "ठासणीवरून काडतुशी केलंय की हे! सांगाडा मूळचा, चाक मागाहूनचं."

पंधरा वर्षांत नानांना हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. त्यांनी शपथेप्रमाणे तोंड मिटून ठेवलं, पण त्यांची मान अशी डोलायला लागली की हवालदार काळजीने त्यांच्याकडे बघू लागला. जमादारांनी चाक काढलं, घातलं, झाकण उघडलं, मिटलं. स्क्रूवर बोट ठेवून म्हणाले, "हा एक नवा दिसतो. काम चांगलं आहे." त्यांनी घोडा ओढला आणि स्वतःहून, कोणी न सांगता, डोळे मिटून पाचही आवाज ऐकले. मला वाटलं, आता हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडणार.

मग जमादारांनी चष्मा पुसला. ते हुशार होते आणि दयाळूही होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "असं आहे, या मापाचं काडतूस आता कुठेही मिळत नाही. काडतुसाशिवाय हे काय करणार? नुसता लोखंडाचा ठोकळा. तसं लिहून देतो, निकामी." आणि त्यांनी टाकाचं टोक दौतीत बुडवलं.

मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"ठोकळा?"

मी नानांच्या पायावर पाय दिला. नानांनी पाय काढून घेतला. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि उस्मानभाईंनी कातलेलं पितळी काडतूस टेबलावर, जमादारांच्या दौतीशेजारी, उभं केलं.

"मापाचं आहे, साहेब," नाना म्हणाले. "घालून बघा. आमच्या उस्मानने केलंय. म्हणाल तितकी करून देईल."

हवालदार खिडकीबाहेरचा कडुलिंब बघू लागला. जमादारांनी टाक खाली ठेवला. ते काडतूस उचलून त्यांनी घरात सरकवलं, झाकण मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं आणि दुःखही होतं.

"हे तुम्ही मला दाखवायला नको होतं, नाना."

"का? बसत नाही?"

"फार छान बसतं. म्हणून तर आता मला तसं लिहिता येत नाही. मी खोटा दाखला आजवर दिला नाही."

मला त्या क्षणी नानांचा इतका राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. जमादारांनी मात्र आवाज चढवला नाही. समजुतीने सांगितलं. पत्रातल्या दोनच ओळी आता उरल्या होत्या. एक, नानांनी हिला सरकारजमा करायचं. ती अशीच धड राहील, पण मालखान्यात, आणि नानांवर केस होईल. नाही तर जमादारांनी इथेच नळीला आरपार भोक पाडायचं, घोड्याची टोचणी घासून टाकायची आणि ती नानांना घरी न्यायला द्यायची.

नोकरीची आठवण मी नानांना दोनदा करून दिली. त्यांनी ते ऐकलं असं वाटलं नाही.

"मालखान्यात हिला तेल कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," जमादार म्हणाले. "गोणीत असतं सगळं. पावसाळ्यात पत्रा गळतो."

"तिथे किती दिवस?"

"निकाल लागेपर्यंत."

निकाल कधी लागतो हे नानांनी विचारलं नाही. तीस वर्षं ते सरकारी नोकरीत होते.

"मग करा," ते म्हणाले.

जमादारांनी पकड आवळायला घेतली, पण जुन्या लोखंडाला पकडीचे दात लागतील म्हणून नाना म्हणाले, "पकड नको. मी धरतो." लस टोचताना पोराचा दंड धरायची त्यांची एक पद्धत होती. अंगठा खाली, चार बोटं वर, घट्ट, पण दुखणार नाही अशी. तशीच त्यांनी नळी ठोकळ्यावर दाबून धरली. जमादार हाताने ड्रिल फिरवत होते. लोखंडाचा चुरा नानांच्या कोटाच्या बाहीवर पडत होता. पोरं रडायची तेव्हा नाना हसून त्यांच्या तोंडाकडे बघत असत. आज त्यांनी मान फिरवली आणि भिंतीवरचा रायफलीचा तक्ता शेवटपर्यंत वाचला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फक्त वाटत होतं की हे लवकर संपावं.

नानांची नोकरी वाचली. तीन वर्षांनी ते रीतसर निवृत्त झाले. त्याच सुमाराला देवीची साथही देशातून गेली आणि खात्याने उरलेल्या देवी डॉक्टरांना मलेरियाच्या गोळ्या वाटायला लावलं. "ठासणीवरून काडतुशी केले बघ सगळे," असं त्यांनी मला पत्रात कळवलं होतं. मी तोवर धुळ्याला बदलून आलो होतो. नंतर आमच्या भेटी लग्नकार्यात, पाच-दहा मिनिटांच्या झाल्या. त्या भेटींतले नाना मला आता आठवत नाहीत. आता ते नाहीत, अक्काही नाहीत. नाना म्हटलं की मला दिसते ती बागूल जमादारांची खोली, आणि टेबलावर वाकलेले नाना.

दाखला लिहून झाला होता. खाली मालकाने सही करायची होती. मजकूर असा होता, 'सदर हत्यार निकामी असून कोणत्याही दुरुस्तीने चालू होण्यासारखे नाही, हे मला मान्य आहे.' नानांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. माझं पेन मागून घेतलं. सही केली नाही. 'सदर हत्यार' या शब्दांच्या पुढे त्यांनी खालून काकपदाची खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत, लस टोचलेल्या पोरांची नावं लिहीत त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आजपासून'. मग सही केली.

"अहो नाना, दाखल्यात असं मधेच काही घालता येत नाही," हवालदार म्हणाला. "साहेब, दुसरा कागद घ्या."

बागूल जमादारांनी कागद आपल्याकडे ओढला. तो एक शब्द त्यांनी सावकाश वाचला. मग टाक दौतीत बुडवून त्या शब्दाच्या शेजारी, सरकारी कागदावर मान्य केलेल्या दुरुस्तीपाशी करतात तशी, आपली छोटी सही केली.